शेकडा तीन : नेपाळच्या परदेशी कमाईचा जमाखर्च

नेपाळात कर्जरोख्याला आजही तमसुक म्हणतात. आपल्याकडे हा शब्द जुन्या खतांत आणि दप्तरांत उरला, बोलण्यातून गेला. तिथे तो रोजच्या वापरात आहे. कतारला किंवा मलेशियाला निघालेल्या तरुणाचा पासपोर्ट त्याच्या खिशात असतो आणि तमसुक सावकाराच्या पेटीत. व्याजाचा दर बोलताना ‘सयकडा तीन’ म्हणतात, म्हणजे आपलं शेकडा तीन. हा दर महिन्याचा आहे. वर्षाचे छत्तीस टक्के झाले.

स्थलांतर आणि विकास यांच्या नात्याची चर्चा बहुधा दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. देशात किती डॉलर आले, राष्ट्रीय उत्पन्नात त्यांचा वाटा किती, गरिबी किती टक्क्यांनी घटली, असे प्रश्न तिथे असतात. ते आकडे खरे आहेत आणि या लेखातही येणार आहेत. पण ते डॉलर कमावण्यासाठी आधी पैसे कोणी घातले, कोणत्या दराने काढले आणि फेडायला किती महिने गेले, हा हिशोब त्या आकड्यांत धरलेला नसतो. नेपाळच्या गेल्या तीस वर्षांच्या अनुभवात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच हिशोब.

नेपाळच निवडण्याचं एक कारण त्याच्या आवाक्यात आहे. दुसरं कारण आमच्या रत्नागिरीकडच्या आंब्याच्या बागांत आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

केवढा पसारा

२०२१ च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या २ कोटी ९१ लाख ६४ हजार भरली. याशिवाय घरातलं माणूस परदेशी आहे म्हणून नोंदवले गेलेले सुमारे २१ लाख ९० हजार. त्यांत दर पाचांमागे चार पुरुष. सीमा उघडी असल्याने भारतात हंगामापुरते येणारे अनेक जण या मोजणीतून निसटतात, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच असणार.

पैशाचं म्हणाल तर २०२३-२४ या आर्थिक वर्षात परदेशातून १,४४५ अब्ज नेपाळी रुपये घरी आले. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६ या दराने बांधलेला आहे. त्या हिशोबाने हे भारतीय नव्वद हजार कोटींच्या घरात जातात. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा हा साधारण चौथा हिस्सा. त्याच वर्षी नेपाळची सगळ्या मालाची निर्यात मिळून १५० अब्जांच्या आसपास होती. म्हणजे या देशाने जगाला जो माल विकला, त्याच्या जवळपास नऊ-दहा पट रक्कम त्याच्या माणसांनी परदेशी मजुरी करून आणली.

असा देश एका रात्रीत घडत नाही. परदेशी नोकरी करणाऱ्याला नेपाळात ‘लाहुरे’ म्हणतात. तो शब्द लाहोरवरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातले तरुण महाराजा रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जात. १८१५ पासून इंग्रजांनी गुरखा पलटणी उभारल्या, १९४७ नंतर त्या पलटणी भारत आणि ब्रिटन यांच्यात वाटल्या गेल्या. १९५० च्या भारत-नेपाळ करारानंतर दोन्ही देशांतल्या लोकांना एकमेकांकडे राहायला आणि काम करायला मोकळीक राहिली. मग दिल्ली, मुंबई, आसामात नेपाळी चौकीदार, हॉटेलातली पोरं, रस्त्यावरचे मजूर दिसू लागले. आखाताचा दरवाजा पुढे उघडला. १९८५ मध्ये परदेशी रोजगाराचा पहिला कायदा आला, १९९० नंतर पासपोर्ट जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू लागला आणि १९९६ मध्ये माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं. दहा वर्षं चाललेल्या त्या युद्धात डोंगरातल्या गावी तरुण पोराने राहणं म्हणजे एकतर माओवाद्यांनी ओढून न्यायचं किंवा लष्कराने संशयावरून उचलायचं. आईबापांनी जमीन गहाण टाकली आणि पोराला विमानात बसवलं. पगाराच्या ओढीइतकीच जिवाची भीती त्यामागे होती, हे विसरून चालणार नाही.

परदेशही सुरक्षित नव्हता. ऑगस्ट २००४ मध्ये इराकमध्ये १२ नेपाळी कामगारांना ओलीस धरून मारलं गेलं. त्यानंतर काठमांडूत दंगल उसळली, तेव्हा जमावाने परदेशी माणसं पाठवणाऱ्या दलालांची कार्यालयं जाळली. या कार्यालयांना तिथे नुसतं ‘म्यानपावर’ म्हणतात. ‘तो म्यानपावरला पैसे भरून आला’ असं वाक्य नेपाळी घरात सहज कानावर येतं. लोकांचा राग नेमका कुणावर होता, ते त्या दिवशी रस्त्यावर दिसलं.

खाण्यात गेला तो पैसा

नेपाळमधल्या जीवनमानाच्या सरकारी पाहणीप्रमाणे १९९५-९६ मध्ये ४२ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. २००३-०४ मध्ये ३१ टक्के, २०१०-११ मध्ये २५ टक्के. मधल्या काळात देशात युद्ध चालू होतं, राजवाड्यात हत्याकांड झालं, सरकारं पडत होती, कारखाने बंद पडत होते. अशा काळात गरिबी कमी होते कशी? जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला, तेव्हा १९९५ ते २००४ या काळातल्या घटीचा सुमारे पाचवा हिस्सा निव्वळ कामासाठी वाढलेल्या स्थलांतरामुळे आल्याचं दिसलं.

२०१०-११ च्या पाहणीत ५६ टक्के घरांत बाहेरून पैसा येत होता. तो कशावर खर्च झाला हेही विचारलं होतं. ७९ टक्के रोजच्या खर्चावर, ७ टक्के कर्जफेडीवर, शिक्षणावर साडेतीन-चार टक्के, आणि धंद्यात किंवा उत्पादनात गुंतवले गेले जेमतेम अडीच टक्के. या एका आकड्यावरून गेली पंधरा वर्षं परिसंवाद झडत आहेत. लोक पैसा खाऊन टाकतात, गुंतवत नाहीत, त्यांना ‘आर्थिक साक्षरता’ शिकवली पाहिजे, असा त्यांचा सूर असतो.

मला हा सूर मनापासून खटकतो. ज्या घरात वर्षातले चार-पाच महिने धान्य पुरत नव्हतं, त्या घरात डाळ, तेल, अंडी आली तर तो पैसा वाया गेला असं कसं म्हणायचं? २००१ मध्ये नेपाळातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०२२ मध्ये ते प्रमाण २५ टक्क्यांवर आलं. त्यात लसीकरण, शौचालयं, आयांचं शिक्षण आणि गावोगावच्या महिला आरोग्यसेविकांचं काम यांचा मोठा हात आहे. पण ताटात पडणारं अन्न दोहा आणि क्वालालंपूरच्या पगारावर विकत घेतलेलं होतं, हेही तितकंच खरं आहे. पोराच्या हाडात गेलेला पैसा गुंतवणुकीच्या रकान्यात दाखवायची पद्धत नाही, एवढाच काय तो फरक.

शिवाय गुंतवणूक करायची तर कशात? तीन तास चढून जावं लागतं अशा गावात वीज अनियमित, पाणी दूर, बाजार खाली खोऱ्यात. तिथे दोन लाख रुपये घेऊन आलेला माणूस घराला पत्रा घालतो, मुलांना खाजगी ‘बोर्डिंग’ शाळेत घालतो, जमलंच तर खाली तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाटीत, प्लॉट घेतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

एका माणसाचा हिशोब

आता तमसुकाकडे. इथे मी एक नमुन्याचा हिशोब करतो. माणूस कल्पित आहे, पण दर आणि रकमा त्या वाटेवर चालू असलेल्याच आहेत.

समजा, कतारला बांधकामावर जायचं. दलालाला, म्यानपावरला, वैद्यकीय तपासणीला आणि काठमांडूतल्या मुक्कामाला मिळून दीड लाख नेपाळी रुपये लागतात. बँक तारणाशिवाय उभं करत नाही, म्हणून गावातल्या साहूकडून शेकडा तीनने रक्कम उचलली. व्हिसा येईपर्यंत तीन महिने गेले. व्याज त्या दिवसांतही चालूच, ते झालं साडेतेरा हजार. विमानात बसताना डोक्यावर १,६३,५०० आहेत आणि अजून एक फावडंही उचललेलं नाही.

कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल आहे, साधारण ३६,००० नेपाळी रुपये. राहणं-खाणं मालकाचं धरू. स्वतःचं भागवून तो महिना २५,००० पाठवतो असं मानलं, तर तेही पोटाला चिमटा काढून. पहिला महिना पगार हातात यायलाच जातो, कर्ज १,६८,४०० होतं. दुसऱ्या महिन्यात व्याज चढून १,७३,४५० होतं आणि २५,००० भरल्यावर १,४८,४५० उरतं. असं करत करत कर्ज फिटायला नववा महिना उजाडतो. दीड लाखापोटी सावकाराला जवळपास एक लाख एक्क्याण्णव हजार दिलेले असतात.

करार दोन वर्षांचा, त्यातले नऊ महिने सावकाराचे. आणि हा हिशोब सगळं सुरळीत गेलं तर. शिवाय त्या नऊ महिन्यांत घरी एक रुपयाही खर्चायला मिळालेला नाही असं यात धरलंय, जे अशक्य आहे. घरात म्हातारे आईवडील आणि शाळेत जाणारी मुलं असतात, पंचवीसातले दहा घरी ठेवावेच लागतात. मग कर्ज फिटायला सव्वा वर्ष लागतं. कंपनीने दोन महिने पगार थकवला, करारात लिहिलेल्या कामाऐवजी दुसरं काम दिलं, पाठ धरली, की गणित मोडतं आणि माणूस करार वाढवतो. ‘अजून दोन वर्षं काढतो’ हे वाक्य घरी फोनवर सांगितलं जातं तेव्हा त्यामागे बहुतेकदा तमसुक असतो.

तराईतल्या मधेश भागात सावकारीचं याहून वाईट रूप आहे. त्याला लोक ‘मिटरब्याज’ म्हणतात, टॅक्सीच्या मीटरसारखं रात्रंदिवस पळणारं व्याज. घेतले पन्नास हजार आणि कागदावर लिहिले दोन लाख, असे प्रकार सर्रास झाले. २०२३ मध्ये असे नाडले गेलेले कर्जदार महोत्तरी जिल्ह्यातल्या बर्दिबासहून काठमांडूपर्यंत पायी चालत गेले. चपला झिजलेल्या, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया त्या मोर्चात होत्या. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि अशी सावकारी गुन्हा ठरवावी लागली. त्यांतल्या कितीतरी घरांत कर्जाची सुरुवात पोराच्या परदेशवारीपासून झाली होती.

फुकट व्हिसा, फुकट तिकीट

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. जुलै २०१५ पासून नेपाळने नियम केला की मलेशिया आणि आखातातल्या सहा देशांना जाणाऱ्या कामगाराचा व्हिसा आणि तिकीट मालकाने द्यायचं. म्यानपावरने सेवेपोटी जास्तीत जास्त १०,००० रुपये घ्यायचे. नियम चांगला होता. त्या वर्षीच्या मोठ्या भूकंपाला जेमतेम अडीच महिने झाले होते, सुमारे नऊ हजार माणसं गेलेली, लाखो घरं पडलेली आणि बाहेर जाणाऱ्यांची गरज पूर्वीहून तातडीची.

झालं असं की पावती १०,००० ची मिळू लागली आणि रक्कम पूर्वीचीच राहिली. ‘मी फक्त दहा हजार भरले’ असं कामगाराकडून वदवून घेतलं जायचं. खरं सांगितलं तर जागा जाते आणि साहूचं कर्ज मात्र अंगावर राहतं. तक्रार कोण करणार? नियम मोडल्याची किंमत जाणाऱ्यावरच पडते अशी ही रचना होती. आणि पलीकडे आखातातले पुरवठादार माणसामागे नेपाळी म्यानपावरकडूनच पैसे मागत. मालकाने खर्च द्यायचा हा नियम काठमांडूत लिहिला गेला, पण मालक दोह्यात होता.

दोन वाटा मात्र वेगळ्या निघाल्या, त्या नीट पाहिल्या पाहिजेत.

पहिली मलेशियाची. तिथे व्हिसाआधीची तपासणी, बायोमेट्रिक, सुरक्षा छाननी अशा नावांखाली ठरावीक कंपन्यांमार्फत कामगारांकडून रक्कम उकळली जात होती. मे २०१८ मध्ये नेपाळने मलेशियाला माणसं पाठवणंच थांबवलं. मलेशियातल्या कारखान्यांना नेपाळी कामगार हवे होते, त्यामुळे ऑक्टोबर २०१८ मध्ये करार झाला आणि भरतीचा खर्च मालकावर टाकण्यात आला. प्रत्यक्ष जाणं २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालं. पुढे त्यातही गळती झाली, पण छोट्या देशालाही अडवून धरता येतं हे तेव्हा दिसलं.

दुसरी दक्षिण कोरियाची. २००७ मध्ये दोन सरकारांत थेट करार झाला आणि २००८ पासून नेपाळी कामगार तिकडे जाऊ लागले. मधे खाजगी म्यानपावर नाही. कोरियन भाषेची परीक्षा, मग यादी, मग कोरियातला मालक यादीतून निवड करतो. पगार आखाताच्या चौपट-पाचपट, कारण कोरियातल्या कामगाराचा किमान वेतनाचा कायदा यांनाही लागू. परिणाम असा की काठमांडू, पोखरा, चितवनमध्ये गल्लोगल्ली कोरियन भाषेचे वर्ग निघाले आणि परीक्षेला जागांच्या कितीतरी पट तरुण बसतात. ही वाट सगळ्यांना परवडणारी नाही. शिकवणीची फी, काठमांडूतला खोलीचा भाडेखर्च आणि थोडंफार शिक्षण ज्याच्यापाशी आहे तोच तिथे पोचतो. पण दलाली काढून टाकली की खर्च खाली येतो, हे या वाटेने पक्कं दाखवलं.

जगाच्या पातळीवर पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणायचं ठरलंय. मोबाइल ॲप आली, स्पर्धा वाढली, नेपाळच्या बाबतीत तो खर्च बराच उतरलाही आहे. त्याच यादीत भरतीवर कामगाराचा किती खर्च झाला हे मोजण्याचाही एक निर्देशक आहे, पण त्याला ठराविक टक्क्याची मर्यादा घातलेली नाही. आपण वरच्या हिशोबात बसवून पाहू. २५,००० पाठवताना पाच टक्क्यांऐवजी तीन टक्के लागले तर महिना ५०० रुपये वाचले, दोन वर्षांत बारा हजार. भरतीचा खर्च दीड लाखावरून कायद्यातल्या दहा हजारांवर आला तर व्याजासकट वाचतात पावणेदोन लाखांहून जास्त. दोन्ही करावंच. पण ज्या सुधारणेत कुणाचं फार नुकसान होत नाही तिच्यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि जिथे दलाल, पुरवठादार, मालक आणि त्यांना ओळखणारे पुढारी यांचं उत्पन्न बुडतं तिथे गाडी अडते.

शवपेट्या

२००८-०९ ते २०१८-१९ या काळात परदेशी नोकरीवर असताना ७,४६७ नेपाळी कामगार मरण पावल्याची नोंद नेपाळ सरकारच्या अहवालात आहे. ज्यांनी रीतसर परवाना घेतला त्यांचीच ही मोजणी. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर निघणारे तरुण कपाळावर टिळा आणि गळ्यात झेंडूची माळ किंवा खादा, म्हणजे निरोपाचं उपरणं, घालून उभे असतात, आणि त्याच इमारतीच्या दुसऱ्या अंगाने लाकडी पेट्या बाहेर येतात.

मृत्यूच्या दाखल्यावर पुष्कळदा ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ किंवा ‘नैसर्गिक’ असं लिहिलेलं असतं. गावातून तपासणी करून, धडधाकट म्हणून शिक्का घेऊन गेलेली ही पंचविशी-तिशीतली माणसं. कतारमधल्या नेपाळी कामगारांवर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००९ ते २०१७ या काळातले १,३०० हून अधिक मृत्यू त्यात तपासले होते. ५७१ मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने झाल्याची नोंद होती, आणि ते उन्हाळ्याच्या महिन्यांत वाढत होते. उन्हापासून पुरेसं संरक्षण मिळालं असतं तर त्यांतले २०० पर्यंत जीव वाचू शकले असते, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष. कतारने २०२१ मध्ये उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद केलं. त्याआधी २०२० मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. फुटबॉलच्या विश्वचषकामुळे जगाचं लक्ष तिकडे होतं म्हणून हे झालं, पण झालं ते चांगलंच झालं.

जे जिवंत परततात त्यांतल्या काहींची मूत्रपिंडं गेलेली असतात. दिवसभर ऊन, प्यायला पाणी कमी, लघवीला जायची सोय नाही. पस्तिशीचा माणूस आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या खाटेवर पडतो. नेपाळ सरकार डायलिसिस मोफत देतं. म्हणजे परदेशी मालकाने शरीर वापरलं आणि त्याचा दुरुस्तीखर्च जगातल्या गरीब देशांपैकी एकाच्या खजिन्यातून निघाला. मेलेल्याच्या घरच्यांना ज्या कल्याण निधीतून मदत मिळते, तोही निघताना कामगारांनीच भरलेल्या वर्गणीतून उभा राहिलेला आहे.

बायकांच्या बाबतीत सरकारने वेगळाच उपाय केला, तो म्हणजे बंदी. १९९८ पासून कधी आखाताला, कधी तिशीच्या आतल्यांना, कधी घरकामाला, अशा बंद्या येत-जात राहिल्या. गरज होतीच, म्हणून बायका दिल्ली-मुंबईमार्गे परवान्याशिवाय गेल्या. त्यामुळे काही झालं तर त्यांचं नाव कुठल्याच नोंदीत सापडत नाही.

सरकारच्या तिजोरीत काय पडलं

घरी आलेल्या पैशातून माल विकत घेतला जातो. तो माल नेपाळात तयार होत नाही, म्हणून आयात होतो. मोबाइल, मोटारसायकल, सिमेंटाचं साहित्य आणि आता तांदूळही. १९८० च्या दशकापर्यंत नेपाळ तांदूळ बाहेर विकत होता. आयातीवर सीमाशुल्क आणि मूल्यवर्धित कर बसतो, आणि सरकारच्या महसुलाचा फार मोठा भाग तिथूनच येतो. पोरगं दोह्यात घाम गाळतं, आई बाजारातून आयात केलेलं तेल आणते, सरकारला नाक्यावर कर मिळतो. मग सरकारने कारखाना, सिंचन, शेतीमालाची बाजारपेठ यांच्यासाठी जिवाचं रान कशाला करायचं? मला वाटतं, परदेशी कमाईने नेपाळचं सगळ्यात मोठं नुकसान इथे केलं. तरुण गावात थांबले असते तर त्यांनी सरकारला काम मागितलं असतं. ते निघून गेले आणि वर पैसेही पाठवत राहिले.

या रचनेचा ठिसूळपणा २०२२ मध्ये दिसला. परकीय चलनाचा साठा घसरला, तसा एप्रिलमध्ये सरकारने गाड्या, दारू, महागडे फोन अशा चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली आणि ती डिसेंबरपर्यंत ओढली. साठा सावरला. पण आयात थांबली तसा महसूलही आटला आणि सरकारला खर्चाची चणचण भासली.

डोंगर मात्र रिकामे झाले. २०२१ च्या जनगणनेत ७७ पैकी ३४ जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटली. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत झुडपं वाढली, माकडं घरापर्यंत आली. १९९२ मध्ये देशाचा सुमारे २६ टक्के भाग जंगलाखाली होता, तो २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांच्या आसपास गेला. गावांनी सामुदायिक वनं राखली त्याचं हे फळ आहेच. पण सरपण तोडणारे आणि गुरं चारणारे हातही कमी झाले होते.

आमच्याकडची बाजू

इथे मला घरच्या अंगणात यावं लागतं. मनीऑर्डरवर घर चालतं म्हणजे काय हे कोकणाला कुणी समजावायला नको. शंभर वर्षं आमच्या घरातला कर्ता पुरुष गिरणीत होता, आणि गावातली पोस्टाची पायरी हीच आमची बँक होती. १९८२ च्या संपाने ती व्यवस्था मोडली तरी जाणं थांबलं नाही. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. ओसाड पडलेली घरं, गडग्याच्या आत वाढलेलं रान, आणि गणपतीला उघडणारं कुलूप. नेपाळच्या डोंगरी जिल्ह्यांचं वर्णन वाचताना मला आमचीच वाडी दिसते.

आणि आमची माणसं गेली तिथे नेपाळी माणसं आली. आज हापूसच्या बागा त्यांच्याशिवाय उभ्या राहू शकत नाहीत. दिवाळीच्या सुमारास ते येतात. बागेतल्या खोपटात राहतात, फवारणीचे पाइप ओढतात, मोहोर धरल्यापासून वानरं हाकतात, पाडाला आलेला आंबा घळाने, म्हणजे जाळीच्या काठीने, उतरवतात, पेट्या भरतात आणि मृग लागायच्या आत नेपाळ सीमेवरच्या बनबसा किंवा गौरीफंटा नाक्याच्या वाटेला लागतात. मिरकरवाडा-हर्णैच्या बोटींवर खलाशीही तेच. आपण त्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतो. त्यांतले बहुसंख्य नेपाळच्या पश्चिम टोकाकडचे, गोरखा जिल्हा त्यांच्यापासून शेकडो किलोमीटर लांब.

हे नेपाळातले सर्वांत गरीब स्थलांतरित. ज्याला दीड लाखाचं कर्जही कुणी देत नाही तो भारतात येतो. परवाना नाही, विमा नाही, कल्याण निधी नाही. पश्चिम नेपाळातल्या अछाम, डोटी भागात एड्सला एकेकाळी ‘मुंबईचा रोग’ म्हणत, इतकं त्या डोंगराचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. आपल्याकडून ते कमाई घेऊन जातात ती पुष्कळदा रोखीने. आधार कार्ड नसल्याने बँकेचं खातं उघडत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा पाचशे-हजाराच्या नोटा नेपाळच्या घराघरांत डब्यात, गादीखाली होत्या. भारतातल्या लोकांना रांगा लावून निदान बदलून तरी मिळाल्या. नेपाळातल्या नोटांसाठी दोन्ही सरकारांत तोडगा निघाला नाही. एका हंगामाच्या राखणीचा पगार कागद होऊन बसला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सीमा बंद झाली तेव्हा धारचुल्याला अडकलेल्या काही नेपाळी मजुरांनी महाकाली नदीत उड्या टाकून पलीकडचा काठ गाठला. तिकडच्या काठावर त्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं.

आमच्या बागायतदारांना आणि बोटमालकांना मी एवढंच सांगेन की निदान नोंदवही ठेवा. नाव, गाव, घरचा फोन, दिलेला पगार. अपघात विम्याचा हप्ता पेटीमागे काही पैशांत बसतो. दोह्यातल्या मालकाकडून आपण जे मागतो ते मिरकरवाड्यातल्या मालकाला चुकवता येणार नाही.

मार्च २०१८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशातल्या नागरिकांना मतदानाची सोय करून द्या असा आदेश दिला. त्यानंतर १३ मे २०२२ ला नेपाळात गावपालिका आणि नगरपालिकांची निवडणूक झाली. गावाला रस्ता, पाणी, शाळा देणारी ही सगळ्यात जवळची सत्ता. बाहेरून मत देण्याची सोय तोवर झालेली नव्हती. आणि मेचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्याकडे तोडणीचा कळस. सकाळी सहाला घळ घेऊन झाडावर चढलेली माणसं संध्याकाळी पेट्या मोजत होती, आणि त्यांच्या गावच्या मतदार यादीत त्यांच्या नावापुढची जागा कोरीच राहिली.